अक्काच्या गिरणीतली तूट

पंचायतीचा शिपाई उखा काखेत रजिस्टर मारून गिरणीच्या दारात दिसला, की अक्का आधी दोन्ही हातांचे अंगठे मुठीत घालायची. मग मुठी पाठीमागे न्यायची आणि म्हणायची, "पहिले वाच, मंग अंगठा."

उखा ओशाळून हसायचा. "अक्का, माले वाचता येतं ते मी शिपाई ऱ्हातू का?"

"मंग वाचणाराले ली ये," असं म्हणून अक्का पट्टा चढवायची. इंजिन धडधडायला लागायचं आणि पुढचं कुणालाच काही ऐकू यायचं नाही. वाद कुठे थांबवायचा हे तिला बरोबर कळायचं, आणि तो थांबवायचं यंत्रही तिच्याच ताब्यात होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव धुळे जिल्ह्यातलं, पण अमळनेरच्या बाजूला कललेलं. मी तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. शाळा आणि गिरणी समोरासमोर. पोरं पाढे म्हणायची ती इंजिनाच्या ठेक्यावर. इंजिन बंद पडलं की पाढेही अडखळायचे.

अक्का म्हणजे थोराड हाडाची बाई. भुवयांवर, पापण्यांवर कायम पीठ. नवरा गेल्यावर दिरांनी गिरणी मागितली, तेव्हा "माले बी हात शेतस" एवढं बोलून तिने हँडल मारून इंजिन सुरू करून दाखवलं होतं म्हणे. गरीब बिचारी वगैरे ती मुळीच नव्हती. गावात तिचं ज्याच्याशी भांडण झालं नाही असं माणूस शोधावं लागलं असतं. माझ्याशीही झालं होतं. शाळेच्या कौलांवर तिच्या गिरणीचं पीठ बसतं अशी तक्रार मी केली, तर म्हणाली, "मंग पोरेसले कौलं चाटू द्या, मास्तर. डबाबिबा आणानी गरजच नही."

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढे तिच्यामुळेच सगळं फिरलं. अक्काच्या गिरणीत तूट फार यायची. ज्वारी टोपलंभर न्यावी आणि पीठ बोटभर कमी घेऊन यावं. बाया आपसांत कुजबुजायच्या. तोंडावर कुणी बोललंच, तर अक्का गंभीरपणे म्हणायची, "गिरणीले बी पोट शे, बाई." दळायला आलेल्या प्रत्येक टोपल्यातली एक मूठ अक्काच्या डब्यात पडते, हे शाळेतल्या पहिलीच्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं. दुसरी गिरणी नव्हती, त्यामुळे चाललं होतं.

आता उखाच्या रजिस्टरचं सांगतो. तुमच्यातले जे त्या काळात खेड्यात राहिले असतील, त्यांनी हा प्रकार पाहिला असेल. ग्रामसभा घ्यायचीच, असा कायदा. पण सभा म्हटली की माणसं जमणार, जमली की बोलणार, बोलली की भांडणार. त्यापेक्षा आमच्याकडे सभाच माणसांकडे जायची. उखा रजिस्टर आणि शाईचं पॅड घेऊन घरोघर फिरायचा. कुणी सही करायचं, कुणी अंगठा उठवायचं. वरची जागा कोरी. ती ग्रामसेवक नंतर सावकाश, सुवाच्य अक्षरात भरायचा: सभा खेळीमेळीत झाली, ठराव सर्वानुमते मंजूर. या सभेला गावात 'फिरती सभा' म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उखाला तर गिरणी म्हणजे पर्वणी. सगळ्या बाया एका जागी सापडायच्या. दळण दळून होईपर्यंत अंगठे उठवून व्हायचे. त्या दिवशी काही घरांत भाकरीवर निळे ठसे निघायचे.

अक्काही इतकी वर्षं बिनबोभाट अंगठा देत आली होती. मुठी आवळायला ती लागली, त्याला कारण झालं गायरान.

गावाच्या उगवतीला मोठं गायरान होतं. शेतं असलेल्यांना त्याचं काही नसायचं, पण ज्यांना शेत नाही त्यांच्या शेळ्या त्यावरच जगायच्या. बौद्धवाड्यातली सुमन त्यांतलीच. नवरा सुरतेला कामाला गेला तो तिकडचाच झालेला. दोन मुली आणि शेळ्या, एवढा तिचा संसार. पावसाळा सरल्यावर एक दिवस मोजणीवाले आले आणि गायरानात खुंट्या ठोकू लागले. सुमनने विचारलं, तर त्यांनी सांगितलं की ही जागा सरपंचांच्या मेहुण्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याला द्यायची आहे, गावाची हरकत नाही, तसा ग्रामसभेचा ठराव आहे.

सुमन तडक गिरणीवर आली. मी तेव्हा मधल्या सुट्टीत तिथेच माझं दळण घेत होतो. ती ओरडली नाही, रडली नाही. दाराच्या चौकटीला धरून म्हणाली, "अक्का, तू बी अंगठा दिधा ना?"

"कसाले?"

"गायरान देवाले."

अक्काने पट्टा उतरवला. इंजिन नुसतंच फिरत राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी सुमनकडे. माझीही सही त्या रजिस्टरात होती. नोकरदाराची सही तर उखा सगळ्यांत आधी घ्यायचा.

"मी दिधा," अक्का म्हणाली. "मी दिधा, पन माले कोनी सांगं नही."

"मना शेळ्या आते कथा जातीन?" सुमनने विचारलं. शेळ्या चरायला न्यायला गावात दुसरी जागाच नव्हती.

अक्काचा राग मी अनेकदा पाहिला होता. तो भांड्याच्या आवाजासारखा असायचा, पटकन होऊन जायचा. हा राग वेगळा होता. तिला सरपंचांपेक्षा स्वतःच्या अंगठ्याचा राग आला होता. दुसऱ्या दिवशी ती पंचायतीच्या पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, ठराव वाचून दाखवा.

आमचा ग्रामसेवक घाटावरून बदलून आलेला, वागायला गोड, अक्षर मोत्यासारखं. त्याने तिला अर्ज करायला सांगितला. अक्का मला बोलवायला आली. मी चाचरलो. मास्तराची बदली सरपंचाच्या एका शब्दावर होते, हे काय मला माहीत नव्हतं? अक्काने माझा चेहरा वाचला. ती अक्षरं सोडून बाकी सगळं वाचायची.

"भांडानं काम मनं, वाचानं काम तुमनं," ती म्हणाली. "तुम्ही निस्तं वाचा, मास्तर. कागद वाचा म्हनीसनी कोनी फाशी देत नही."

मी अर्ज लिहिला. अर्जाला उत्तर आलं की रजिस्टर तालुक्याला तपासणीला गेलं आहे. अक्का तालुक्याला जाऊन आली, तर तिथे सांगितलं की रजिस्टर गावातच आहे. पुन्हा गावात विचारलं, तर ग्रामसेवक म्हणाला, वाटेत असेल. अक्का म्हणाली, मग मी वाटेतच बसते. आणि खरंच एस.टी. थांब्यावर जाऊन बसली. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला विचारायची, आमचं रजिस्टर आलं का. कंडक्टर हसायचे. मग प्रवासी विचारायला लागले, कसलं रजिस्टर, आणि अक्का सांगायला लागली. आठवड्याच्या बाजारापर्यंत पंचक्रोशीला कळलं की आमच्या गावची ग्रामसभा हरवली आहे.

सरपंच नाना म्हणजे काही राक्षस नव्हता, हेही सांगतो. लग्नाकार्याला धावून जाणारा, गोड बोलणारा गृहस्थ. त्याने मला चहाला बोलावलं. बशीत चहा ओतत म्हणाला, "मास्तर, पिंपळनेरकडे म्हणे शाळांना शिक्षकच मिळत नाहीत. हवा मात्र फार छान तिकडची." मी चहा प्यालो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "हवा छान असली तर जाऊ." मग मलाही थोडा धीर आला.

शेवटी अक्का आणि मी गटविकास अधिकाऱ्यांकडे गेलो. साहेब डबा उघडून बसले होते. शिपाई आम्हांला बाहेर काढू लागला. अक्का म्हणाली, "जेवा साहेब, मी बठस," आणि समोरच्या बाकावर बसून एकटक त्यांच्या डब्याकडे पाहत राहिली. साहेबांचा घास घशाखाली उतरेना. त्यांनी अर्धी पोळी ठेवली, हात धुतले आणि अर्ज वाचला. माणूस बरा निघाला. त्यांनी ग्रामसेवकाला लेखी आदेश काढला: रीतसर दवंडी देऊन ग्रामसभा घ्यावी, मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवावे. उठताना अक्काने त्यांना सांगितलं, "पोळी कच्ची शे तुमनी. पीठ जाडं दळेल शे." साहेब नुसते हसले.

दवंडी झाली. गावाला सभा पाहण्याचं अप्रूप, त्यामुळे मारुतीच्या पारावर बरीच माणसं जमली. बाया मात्र लांब, भिंतीच्या आडोशाला. अक्का एकटी पुढे. ग्रामसेवकाने रजिस्टर उघडलं, तेवढ्यात सरपंच नाना उठला. आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "अक्का, पंचायतीचा हिशेब आपण घेऊच. ते सगळ्यांचं काम आहे. पण त्याच्या आधी तुझ्या गिरणीतल्या तुटीचं काय ते सांग. गावाच्या पिठाची मूठ जाते कुठे?"

पारावर हशा पिकला. आडोशाच्या बायाही हसल्या. अगदी सुमनसुद्धा, पदर तोंडाला लावून. अक्का उभी होती ती खाली बसली. तोंड फटकळ म्हणून गावभर नाव असलेल्या या बाईने मान खाली घातली. आणि करणार काय, नाना खोटं बोलत नव्हता. हसता हसता माणसं पांगली, गणपूर्ती मोडली आणि सभा तहकूब झाली. मला त्या हसणाऱ्यांचा संताप आला. आणि खरं सांगायचं तर अक्काचाही आला. एवढ्या मोठ्या कामात ती मूठभर ज्वारी आडवी यावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी बंद होती. माझ्या पोरांचे पाढे विस्कळीत झाले. अक्का कुठे गेली कुणाला माहीत नव्हतं. लोक म्हणाले, तोंड लपवून लेकीकडे गेली असेल अमळनेरला. दुपारच्या गाडीने ती उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर मोठा काटा होता, अमळनेरच्या बाजारातून आणलेला, साखळ्यांचा, पितळी पारड्यांचा. उखाच्याच मदतीने तो तिने गिरणीच्या आढ्याला टांगला, अगदी दारात, रस्त्यावरून दिसेल असा.

बाया जमल्या. अक्काने इंजिन सुरू केलं नाही. म्हणाली, "आजलोंग मी मूठ काढी. बठ्ठासनी काढी. आजपाईन नही. मोजी द्या, मोजी ल्या."

बाया आपापली टोपली धरून उभ्या राहिल्या. माफी मागतानाही ती दटावत असल्यासारखीच दिसत होती. शेवटी सुमनने आपलं टोपलं पुढे केलं. पारड्यात ज्वारी गेली, दळून पीठ पारड्यात आलं. जात्याला जेवढं लागतं तेवढंच काय ते कमी होतं. सुमन पीठ घेऊन गेली आणि थोड्या वेळाने तिच्या आळीतल्या बाया आल्या, मग पाटलांच्या घरच्या आल्या. त्या आठवड्यात गिरणीवर दळण कमी आणि तोलणं जास्त चाललं होतं. काही जणी तर घरून तोलून आणून पुन्हा इथे तोलायच्या. अक्का प्रत्येकीला तोलू द्यायची, चेहरा अगदी घट्ट ठेवून. मीही माझं दळण तोललं. ती म्हणाली, "मास्तर, तुमना बी भरोसा नही?" मी म्हणालो, "नाही." तेव्हा कुठे ती हसली.

हळूहळू मला कळलं की बायांच्या बोलण्यात फरक पडला आहे. आपण तोंडावर विचारलं तरी आभाळ कोसळत नाही, समोरचं माणूस तोलून दाखवतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं. तहकूब सभा पुन्हा बोलावली गेली, तेव्हा भिंतीच्या आडोशाला कुणी नव्हतं. बाया पारासमोर येऊन बसल्या होत्या. काहींच्या मांडीवर दळणाची टोपली होती, कारण सभा झाल्यावर गिरणीवर जायचं होतं.

या वेळी नानाने रजिस्टर उघडू दिलं. तुटीचा मुद्दा संपला होता, आणि तो अक्काने स्वतःच संपवला होता. ग्रामसेवकाने घसा खाकरला. अक्का म्हणाली, "भाऊसाहेब, तुमना घसा बसेल शे. मास्तर वाचतीन." रजिस्टर माझ्या हातात आलं.

ग्रामसेवकाला अक्षराइतकीच थाटाची हौस होती. नुसती तारीख लिहून त्याचं समाधान व्हायचं नाही, खाली मितीही लिहायचा. मी मोठ्याने वाचलं: "आज मिती वैशाख शुद्ध तृतीया रोजी सकाळी ग्रामपंचायत कार्यालयात ग्रामसभा..."

पुढचं वाचताच आलं नाही. आधी एक म्हातारी हसली. मग बायांच्या घोळक्यात हसू पसरत गेलं आणि ते पुरुषांत शिरलं. परक्या मुलखातल्या वाचकाला हे सांगावं लागेल: वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. त्या दिवशी खानदेशात सासरच्या लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडाझाडाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चाललेली असतात, आणि एरवी पत्त्यांना शिवणार नाहीत असे पुरुषही भर चौकात डाव मांडून बसतात. आखाजीला आमच्याकडे बैलसुद्धा जुंपत नाहीत, सभा कोण भरवणार? घाटावरच्या त्या बिचाऱ्याला पंचायतीत काहीच काम न झालेला एक मोकळा दिवस हवा होता आणि नेमका तोच सापडला.

"आखाजीले सभा?" अक्का उठून म्हणाली. "आखाजीले बठ्ठ्या बाया झोकावर अन् बठ्ठा माणसे पत्तासमा. नाना, तुम्ही बी मना गिरणीना ओटावर डाव मांडेल व्हता. हारनात बी तुम्हीच."

नानाही हसला. त्याला हसावंच लागलं. त्याची स्वतःची बहीण, म्हणजे त्या मेहुण्याची बायको, आखाजीला त्याच्याच दारच्या झोक्यावर होती, हे सगळ्या गावाने पाहिलेलं. पण हसू ओसरल्यावर अक्का खाली बसली नाही. म्हणाली, ठराव पुरा वाचा. मी पुरा वाचला. मग खाली ज्यांची नावं होती ती वाचली, आणि प्रत्येक नावाला ते माणूस उठून सांगत गेलं की मी सभेला नव्हतो, मी नव्हते. सुमनने सांगितलं. उखाने शिपाई असून सांगितलं, आणि त्याला किती धाडस लागलं असेल ते मला ठाऊक आहे. माझं नाव आल्यावर मीही सांगितलं. शेवटी ठराव रद्द करण्याचा ठराव झाला. या वेळी हात वर करून, आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवून. मग अक्काने सगळ्यांच्या आधी पॅडवर अंगठा टेकवला.

गायरानातल्या खुंट्या मोजणीवाल्यांनी काढल्या नाहीत. त्या सुमनच्या शेळ्यांनी अंग घासून घासून पाडल्या.

इथेच थांबता आलं असतं तर मला आवडलं असतं. पण झालं ते सांगतो. पुढच्या वर्षी गिरणीच्या ना हरकत दाखल्याची मुदत संपली. पंचायतीत अर्ज पडून राहिला, आज सही नाही, उद्या शिक्का नाही. मधल्या काळात नानाच्या पुतण्याने विजेवर चालणारी नवी गिरणी टाकली, पाराच्या अगदी जवळ. सुरुवातीला फुकट दळून दिलं. बाया तिकडे वळल्या. ज्यांच्यासाठी अक्काने काटा टांगला, त्यांतल्याही पुष्कळ वळल्या. मला फार राग आला होता. मी अक्काला म्हणालो, या गावाला तुझी किंमत नाही.

"मास्तर, डोकावर टोपलं लिसनी त्या चालतस, तुम्ही नही," ती म्हणाली. "जवळनी गिरणी सोडीसनी दूर कोन येस?" नव्या गिरणीतही बायांनी काटा टांगायला लावला होता, याचंच तिला कौतुक होतं. ते मला तिनेच सांगितलं. अर्जासाठी मात्र ती पंचायतीच्या पायरीवर जाऊन बसली नाही. मी विचारलं, का नाही. म्हणाली, गावाचं मागायला लाज वाटली नाही, माझं मागायला वाटते. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. पण तिच्याशी वाद घालणार कोण.

अखेर इंजिन विकलं गेलं आणि ती लेकीकडे अमळनेरला राहायला गेली. तिथेच काही वर्षांनी गेली. बातमी मला उशिरा कळली, तोवर माझीही बदली झाली होती, पिंपळनेरकडेच. हवा खरोखर छान होती.

ती गाव सोडून निघाली त्या सकाळी मी थांब्यावर गेलो होतो. सुमन आली नाही, त्याचं मला वाईट वाटलं. अक्का गाडीत खिडकीशी बसली, मांडीवर गाठोडं. मीही फाट्यापर्यंत म्हणून तिच्याबरोबर चढलो. गाव सुटून गायरानाच्या कडेला आलो आणि गाडी थांबली. रस्ताभर शेळ्या. मागून सुमन आणि तिची धाकटी मुलगी त्यांना गायरानात हाकत होत्या. सुमनला काय माहीत, या गाडीत कोण आहे. तिने एकदाही वर पाहिलं नाही, तिचं लक्ष मागे राहिलेल्या एका करडाकडे होतं. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला.

"नको वाजाडू, भाऊ," अक्का म्हणाली. "जाऊ दे त्यासले."

मी म्हणालो, सुमनला हाक मारू का. तिने मान हलवली. शेवटचं करडू रस्ता ओलांडून गवतात शिरेपर्यंत ती खिडकीतून पाहत होती, आणि ड्रायव्हरही इंजिन बंद करून थांबला होता.